शिंप्याच्या रक्ताचे आकडे

इस्पितळात तिला सगळे ‘खालच्या बाई’ म्हणत. रागानं नाही आणि लाडानंही नाही; ती तळघरात बसायची, एवढंच. एकवीस वर्षं ती तिथं रक्त तपासत होती. साधं रक्त वरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचं, निवांत. तिच्याकडे यायचं ते धमनीतून काढलेलं, बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवलेलं, ज्याचं काहीतरी फार बिनसलंय अशा माणसाचं रक्त. ते फार वेळ पडून राहिलं की आकडे बदलतात. म्हणून सिरिंज हातात आली की ती आधी तिच्यातला हवेचा बुडबुडा काढायची, मग दोन्ही तळव्यांत धरून पेन्सिल फिरवावी तशी फिरवायची आणि यंत्राच्या तोंडाला लावायची. दीड-दोन मिनिटांत कागदाची चिठ्ठी बाहेर यायची. ती फोन उचलून आकडे वाचायची, पलीकडचा आवाज तेच आकडे परत म्हणायचा, आणि काम संपायचं.

वरची बहुतेक माणसं तिला चेहऱ्यानं माहीत नव्हती. पण रक्तातलं आम्ल किती, त्याच्या उलटं अल्क किती, हे तिला त्यांच्या बायकापोरांच्या आधी कळायचं. माणसाचं शरीर बाकी बाबतीत मोठं सोशिक असतं, महिनाभर अर्धपोटी राहतं, पाय मोडला तरी चालून बघतं. पण रक्तातल्या आम्ल-अल्काच्या तोलाच्या, म्हणजे पीएचच्या बाबतीत ते कमालीचं काटेकोर असतं. ७.३५ ते ७.४५, बस; खाली गेला की आम्ल जास्त, वर गेला की अल्क. तो दशांशाचा तुकडा सांभाळायला दोन अवयव जन्मभर राबतात. एका स्वयंपाकघरातल्या दोन जावांसारखे. फुप्फुसं चटपटीत: आम्ल वाढलं की लगेच भराभर श्वास सोडून कार्बन डायॉक्साइड बाहेर फेकतात, अल्क वाढलं की श्वास राखून तो आत ठेवतात. मूत्रपिंडं सावकाशीची: दोन-तीन दिवस घेतात, पण बायकार्बोनेट नावाचं अल्क किती ठेवायचं, किती लघवीवाटे सोडायचं, याचा निकाल तीच लावतात. एकीचं चुकलं की दुसरी सांभाळून घेते. सांभाळून घेणं थांबलं की सिरिंज तळघरात येते.

त्या सोमवारी सकाळी वॉर्डातल्या मावशी ट्रे घेऊन जिना उतरून आल्या. लिफ्टची त्यांना भीती वाटायची, आणि जिना उतरल्यावर दोन मिनिटं टेकून चार गोष्टी सांगायची सवयही होती.

“शिंपी आहे म्हातारा,” त्या म्हणाल्या. “दुकानातच पडला होता. शर्ट न्यायला कुणी गिऱ्हाईक आलं म्हणून कळलं तरी. त्यानंच आणून सोडलं, दुकानातली पिशवीही ठेवून गेला. काहीबाही बडबडतोय. आणि हात बघाल तर असे.” त्यांनी बोटं एकत्र चिकटवून मनगट आत वळवलं. “सिस्टरनी ब्लडप्रेशरचा पट्टा फुगवला, तर हाताची झाली बगळ्याची चोच. मी तर बाई घाबरलेच.”

यंत्रानं चिठ्ठी दिली. पीएच ७.५६. कार्बन डायॉक्साइड चौपन्न. बायकार्बोनेट सत्तेचाळीस.

तिनं आकडे फोनवर सांगितले. मग चिठ्ठीकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत बसली. तिच्याकडे येणारी बहुतेक रक्तं आम्लाच्या बाजूला झुकलेली असायची: साखर बेसुमार वाढलेली, मूत्रपिंडं बसलेली, नाहीतर जंतूंनी अंग पोखरलेलं. हे उलटं होतं. अल्क एवढं साचलं होतं, की बिचारी फुप्फुसं श्वास धरून बसली होती. माणूस वर कुठेतरी खाटेवर पडून थोडाथोडा, मोजून श्वास घेत असणार. एवढं तिला इथं बसून दिसत होतं.

पूर्वी असं काही वेगळं आलं, की ती दुपारच्या सुट्टीत वर जाऊन यायची. गेले चौदा महिने ती वर गेली नव्हती. त्याला कारण होतं.

तिची आई तिसऱ्या मजल्यावर वारली. आईची फुप्फुसं वर्षानुवर्षं कमजोर होती, कार्बन डायॉक्साइड कायम साठच्या घरात. पण मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट धरून ठेवून सगळं निभावून नेलं होतं, पीएच ७.३६, काठावर का होईना, पण घरातच. लेक दर महिन्याला आईचं रक्त स्वतः तपासायची आणि घरी जाऊन सांगायची, “आई, पास झालीस.” आई म्हणायची, “कितवी आले?” दोघीच होत्या घरात. तिनं लग्न केलं नाही, आईनं विचारायचं सोडलं, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

मग आईला तिसऱ्या मजल्यावर दाखल केलं, आणि एका दुपारी मावशींनी सिरिंज आणली आणि काही न सांगता खाली मान घालून उभ्या राहिल्या. चिठ्ठीवरचं नाव आईचं. पीएच ७.१९, कार्बन डायॉक्साइड अठ्ठ्याण्णव. आकडे सांगून तिनं सरळ वर जायचं होतं. ती गेली नाही. बुडबुडा राहिला असेल, म्हणून तिनं तेच रक्त पुन्हा लावलं. पुन्हा तेच. यंत्र बिघडलं असेल, म्हणून तपासणीचं द्रावण घालून यंत्र पारखलं. यंत्र ठणठणीत होतं. तिनं तिसऱ्यांदा रक्त लावलं. आकडा खोटा ठरावा म्हणून तिनं अकरा मिनिटं घालवली, आणि वर पोचली तेव्हा सिस्टर पडदा ओढत होत्या. “दाराकडे बघत होत्या,” सिस्टर म्हणाल्या. सांत्वन म्हणूनच म्हणाल्या असतील.

तेव्हापासून ती सकाळी मागच्या दारानं थेट तळघरात उतरायची आणि संध्याकाळी त्याच दारानं बाहेर पडायची. भाऊ लांब राहायचा, रविवारी फोन करायचा, “बरी आहेस ना?” असं विचारायचा आणि उत्तराआधीच “बरं, बरं” म्हणायचा.

शिंप्याला सलाइन लावलं, पोटॅशियम दिलं. बुधवारी आकडे उतरले: ७.४७, बायकार्बोनेट तेहेतीस. तिला बरं वाटलं. बरं वाटलं याचंच नवल वाटलं.

“शुद्धीवर आलेत शिंपीबुवा,” मावशी म्हणाल्या. “उठून बसतात. पण भेटायला काळं कुत्रं येत नाही. आणि ढेकर काय देतात! दिवसभर, तोफ डागल्यासारखे.”

शुक्रवारी सकाळी आकडा पुन्हा चढलेला. ७.५५. बायकार्बोनेट पंचेचाळीस.

तिनं बुडबुडा पाहिला, यंत्र पारखलं. जुनी सवय. मग तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करतोय, आणि तिनं हात आवरून फोन उचलला. पलीकडे शिकाऊ डॉक्टर होता. हुशार, झोप न झालेला.

“डॉक्टर, हे परत का चढलं?”

“तेच बघतोय. लघवीसुद्धा अल्कधर्मी निघालीय. एखाद्या ग्रंथीची गाठ असेल. सोमवारी स्कॅन ठरवलाय.”

“घरचं काही घेतात का ते? विचारलंत?”

“विचारलं, बाई. फाइलमध्ये आहे. कोणतंही औषध नाही.” मग जरा थांबून, सभ्यपणानं, “तुम्ही आकडे सांगत जा. बाकीचं आम्ही बघतो.”

तिनं फोन ठेवला. तिच्यासमोर टेबलावर आठ-नऊ चिठ्ठ्या होत्या, तारखेनं लावलेल्या. गाठ असती तर गाठीला काय, माणूस झोपला काय नि बसला काय. इथं वेगळंच दिसत होतं. म्हातारा बेशुद्ध होता तोवर सुधारत होता. उठून बसायला लागला, हात हलायला लागला, आणि बिघडला. म्हणजे जे काही होतं ते त्याच्या हाताच्या अंतरावर होतं. आणि ते ढेकर.

तिनं दारावर ‘यंत्राची सफाई, अर्धा तास, तातडीचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत द्यावं’ असा फलक लावला, तोंडाला मास्क बांधला, केसांवर टोपी चढवली आणि जिन्यानं निघाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचे पाय अडले. एक बाई कुणाचा तरी टॉवेल घेऊन वर जात होती, तिनं विचारलं, “बरं वाटत नाही का?” ती म्हणाली, “जिन्याची सवय राहिली नाही,” आणि त्या बाईच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावर गेली. आधी बायकांचा वॉर्ड लागला; आईची खाट दाराजवळची होती. तिच्यावर कुणी तरुण मुलगी वेणी घालत बसली होती. एवढंच.

शिंपी पलीकडच्या पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीशी होता. लहानसर चणीचा, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. तो चादरीची कड डोळ्यांजवळ धरून निरखत होता.

“ही शिवण बघा,” तो तिला म्हणाला, जणू तिची वाटच बघत होता. “भूत मागं लागल्यासारखी उरकलीय. आणि बायकोची शपथ, धागासुद्धा एका नंबरानं जाड आहे.”

तिनं स्टूल ओढलं. “काका, ढेकर फार येतात का?”

“येतात कुठले! आणावे लागतात.”

बोलून गेल्यावर त्यानं चादर खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते.

“कशानं आणता?”

“तुम्ही डॉक्टर का?”

“नाही. मी तुमचं रक्त तपासते, खाली. नऊ वेळा तपासलंय.”

“नऊ वेळा?” तो तिच्याकडे वळला. “मग? कसा आहे मी?”

एकवीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. पीएच सांगावा तर त्याला काय कळणार. ती म्हणाली, “तुम्ही श्वास राखून घेता, काका. खर्च होईल अशी भीती असल्यासारखा.”

म्हाताऱ्यानं खाटेशेजारच्या कपाटाकडे हनुवटीनं खूण केली. खालच्या कप्प्यात, धुतलेल्या बनियनच्या घडीत, बटणं ठेवायचा पत्र्याचा डबा होता. तिनं झाकण उघडलं. खायचा सोडा, निम्म्यावर आलेला, आणि त्यात खुपसलेला चमचा. चहाचा नव्हे, चांगला मोठा.

“कधीपासून?”

“ही गेली तेव्हापासून. तीन वर्षं. आधी तीच द्यायची, कधी पोटात जळजळलं तर. नखभर, पाण्यात. आता मी घेतो.”

“नखभर?”

“सुरुवातीला नखभर. आता दोन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. नाहीतर अन्न छातीवर बसतं.”

“आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“त्यांनी विचारलं, औषध कोणतं घेता. सोडा काय औषध आहे? आमच्याकडे भज्यांत घालतात.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “आणि काढून घेतला असता. खरं सांगू? आपल्या घरात आता दुसरा आवाज नाही. मशीन बंद केली की संपलं. सोडा प्यायला, मोठा ढेकर आला, की वाटतं कुणीतरी हुंकार दिला. हसाल तुम्ही.”

ती हसली नाही. तिच्या घरात संध्याकाळी रेडिओवर बाजारभाव लागायचे आणि ती ते ऐकायची; तिला काही विकत घ्यायचं नसायचं.

“उलटी होते का?”

“होते. दुपारी खाल्लेलं कधीकधी दुसऱ्या दिवशी सकाळी पडतं, जसंच्या तसं. त्यात सांगण्यासारखं काय आहे? आपली घाण आपण पुसायची.”

तिला आता सगळं उमगलं. जठराच्या तोंडाशी काहीतरी अडलं होतं. उलटीतून आम्ल जात होतं, आम्लाबरोबर मिठातलं क्लोराइड जात होतं, आणि अंगातलं पाणीही. वरून हा चमच्याचमच्यानं सोडा, म्हणजे निव्वळ बायकार्बोनेट, ओतत होता. मूत्रपिंडांना ते फेकून द्यायचं होतं, सलाइन मिळाल्याबरोबर त्यांनी फेकलंही. पण पाणी आणि क्लोराइड हाताशी नसलं, की तीही हात बांधून बसतात. आणि अल्क फार झालं, की रक्तातलं चुन्याचं सत्त्व, कॅल्शियम, नसांना पुरत नाही, बोटं आपोआप वळतात. तिनं हे शक्य तेवढं सोपं करून त्याला सांगितलं. तो मन लावून ऐकत होता; पण बाकी सगळं सोडून त्यानं शेवटचंच धरलं.

“म्हणजे माझे हात त्यानं वाकडे झाले? सुई सुटायला लागली होती हो हातातून. दोन महिने. मला वाटलं, संपलो. काजं करायची बाहेर द्यावी लागली.”

“त्यानंच. सोडा थांबला की हात सरळ होतील.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यानं डबा तिच्याकडे सारला. मग लगेच म्हणाला, “आणि जळजळलं की मी काय करू?”

“बेल वाजवा. सिस्टर येतील.”

“येतात. तोंडात थर्मामीटर घालून जातात. त्यानंतर काय बोलणार, कपाळ?”

या वेळी मात्र ती हसली. मास्कच्या आत, पण त्याला ते डोळ्यांवरून दिसलं असावं, कारण तोही खुश झाला आणि त्यानं तिला मसलिन आणि कॅम्ब्रिक या कापडांमधला फरक समजावून सांगायला सुरुवात केली. तिला दहा मिनिटांपूर्वीच खाली पोचायला हवं होतं. ती बसून राहिली.

जाताना तिनं डबा सिस्टरांच्या टेबलावर ठेवला आणि शिकाऊ डॉक्टरला सगळं सांगितलं. तो डब्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. “मी औषध म्हणून विचारलं,” तो म्हणाला. “सगळेच तसं विचारतात,” ती म्हणाली. ग्रंथीचा स्कॅन रद्द झाला. दुर्बीण घालून पाहिलं, तर जठराच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी जुना व्रण, सुजून वाट अरुंद झालेली. त्यावर नीट औषधं सुरू झाली. फाइलमध्ये लिहिलं गेलं, ‘रुग्णास पुन्हा माहिती विचारली असता.’ कुणी विचारली ते लिहायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर जायचं तिनं ठरवलं होतं, पण एकामागून एक पाच सिरिंजा आल्या. मग साप्ताहिक सुट्टी. मग मावशींनी त्याची सिरिंज आणली: ७.४१, कार्बन डायॉक्साइड एक्केचाळीस, बायकार्बोनेट पंचवीस. पाठ्यपुस्तकात छापावेत असे आकडे. ते फोनवर सांगताना तिचा आवाज जरा वर गेला असावा, कारण पलीकडून सिस्टर म्हणाल्या, “काय झालं, बाई?” “काही नाही,” ती म्हणाली, “चांगलं आहे.” त्यानंतर त्याचं रक्त आलं नाही. ती रोज दहा वाजता ट्रेकडे बघायची आणि मग स्वतःलाच समजवायची, की अगं, बरा झालेला माणूस तुझ्याकडे येतच नसतो. चौथ्या दिवशी ती वर गेली तेव्हा खिडकीशी दुसरं कुणी होतं.

“शिंपीबुवा? गेले की परवा,” मावशी म्हणाल्या. “एकटेच गेले, पिशवी घेऊन. टपाल कचेरीमागं दुकान आहे त्यांचं.”

महिनाभर ती तिकडे गेली नाही. जाऊन म्हणायचं काय? तब्येत विचारायला नातं लागतं. मग थंडी पडायला लागली, आणि कपाट आवरताना तिला राखाडी लोकरीचं कापड सापडलं. आईसाठी घेतलं होतं, शिवायचं राहून गेलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते कागदात गुंडाळून ती निघाली.

दुकान म्हणजे एक दार आणि एक खिडकी. आत मशीनचा आवाज. शिंप्यानं पाय थांबवून वर पाहिलं. “या, बाई. काय शिवायचंय?”

त्यानं ओळखलं नाही. कसं ओळखणार, मास्क, टोपी, आणि भेट ती एकदाचीच. तिच्या ओठांवर आलं होतं, की मी खालून आले होते, इस्पितळात. पण सांगितलं असतं तर तो उठून उभा राहिला असता, आभार मानत बसला असता, चहा मागवला असता. तिनं कापड पुढे केलं. “कोट.”

“तुमचा?”

“माझाच.”

त्यानं कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. बोटं सरळ होती, चपळ होती. “झकास आहे. हल्ली मिळत नाही असं. दुकान बंद होतं मधे, म्हणून कामं तुंबलीत, पण करून देतो.” त्यानं गळ्यातली टेप काढली. “उभ्या राहा. हात सैल.”

त्यानं खांद्यापासून खांद्यापर्यंत टेप लावली, पाठीवर अंगठ्यानं दाबून धरली, आकडा पुटपुटला. मग बाही. मग छातीभोवतून टेप आणली, तिला स्पर्श होईल न होईल अशी, जुन्या शिंप्याच्या अदबीनं. पंधरा-सोळा महिन्यांत तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. तिला वाटलं आता रडू येईल, आणि ते येऊ नये म्हणून ती भिंतीवरच्या रिळांचे रंग मोजत ताठ उभी राहिली.

शिंप्यानं टेप सैल केली. “असं नाही चालायचं, बाई. श्वास सोडा.”

“सोडलाय.”

“कुठं सोडलाय? धरून उभ्या आहात. अशा मापाचा कोट थंडीभर काचेल.” तो टेप धरून थांबला. त्याला घाई नव्हती. “होऊ द्या सावकाश.”

तिनं श्वास सोडला. बराच वेळ तो जातच राहिला. शिंप्यानं पुन्हा माप घेतलं, खडूनं पाटीवर लिहिलं आणि आधीचा आकडा अंगठ्यानं पुसला.

“ट्रायलला गुरुवारी या,” तो म्हणाला. “दुपारी या, गर्दी नसते.”

“गुरुवारी मला काम असतं,” ती म्हणाली, आणि मग दारातून वळून, “पण येईन. सुटल्यावर येईन.”

तो आधीच मशीनवर बसला होता. ती रस्त्यावर आली. बस समोरच उभी होती. ती तिच्यात चढली नाही, चालत निघाली.